पॅटिओवरील बाह्य स्टड भिंत

पॅटिओवरील बाह्य स्टड भिंत म्हणजे घरालगतच्या उघड्या फरसबंद जागेवर उभ्या लाकडी दांड्यांचा सांगाडा रचून, त्यावर बाहेरून पाऊस-वारा अडवणारे थर चढवून बांधलेली भिंत होय. अशा फरसबंद जागेला पॅटिओ आणि सांगाड्यातील उभ्या दांडीला स्टड म्हणतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत बहुसंख्य घरे लाकडी सांगाड्याची असल्यामुळे, पॅटिओ बंदिस्त करून खोली वाढवण्यासाठीही तेथे हीच पद्धत सर्रास वापरली जाते.

ही भिंत बांधण्यास सोपी, वजनाने हलकी व तुलनेने स्वस्त असते. मात्र लाकूड दीर्घकाळ ओले राहिल्यास कुजते. त्यामुळे भिंतीचे आयुष्य तिच्या मजबुतीपेक्षा पाण्याच्या व्यवस्थेवर अधिक अवलंबून असते. पाण्याचा एकही थेंब आत येऊ न देणारी भिंत प्रत्यक्षात टिकवणे अवघड आहे. म्हणून आत आलेल्या पाण्याला बाहेर पडण्यास वाट आणि उरलेल्या ओलाव्याला सुकण्यास वाव देणारी भिंत बांधणे, हे आधुनिक बांधकामशास्त्राने स्वीकारलेले तत्त्व आहे. पॅटिओच्या बाबतीत हा प्रश्न भिंतीच्या पायाशी सर्वाधिक तीव्र असतो.

स्वरूप

स्टड भिंतीत फरशीला समांतर असलेली तळपट्टी, तिच्यावर ठरावीक अंतराने उभे केलेले स्टड आणि त्यांना वरून बांधणारी माथापट्टी असे तीन मुख्य घटक असतात. उत्तर अमेरिकेत या दांड्यांना त्यांच्या नाममात्र मापावरून 'दोन बाय चार' किंवा 'दोन बाय सहा' असे म्हणतात. रंधून व वाळवून झाल्यावर त्यांचे प्रत्यक्ष माप अनुक्रमे ३८ × ८९ मिमी आणि ३८ × १४० मिमी भरते. दोन स्टडच्या मध्यांतील अंतर सामान्यतः १६ इंच (सुमारे ४०६ मिमी) किंवा २४ इंच (सुमारे ६१० मिमी) ठेवतात. या मापांमुळे ४ फूट रुंदीच्या प्लायवूडच्या फळ्यांच्या कडा नेमक्या स्टडच्या मध्यावर येतात.

सांगाड्याच्या बाहेरच्या अंगाला क्रमाने फळ्यांचे आच्छादन, जलरोधक पडदा, निचऱ्याची पोकळी आणि दर्शनी आवरण असे थर असतात. आतल्या अंगाला गरजेनुसार उष्णतारोधक भरण, बाष्परोधक थर व जिप्समचे तक्ते बसवतात. छताचा भार जुन्या खांबांवरच राहणार असेल, तर नवी भिंत केवळ आडोशाची ठरते. तरीही तिला वाऱ्याचा दाब सोसावा लागतोच. छताचा भार भिंतीवर येणार असेल, तर पायासह संपूर्ण रचनेचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

इतिहास

लाकडी भिंतीचा पाया कुजण्याचा प्रश्न प्राचीन आहे. नॉर्वेतील मध्ययुगीन लाकडी चर्चच्या आधीच्या इमारतींचे खांब थेट जमिनीत पुरलेले असत व ते कुजून जात. पुढे हे खांब दगडी पायावर ठेवलेल्या आडव्या तुळयांवर उभे केले जाऊ लागले. सुमारे ११८० साली बांधलेले बोरगुंड येथील चर्च याच पद्धतीचे असून ते आजही उभे आहे.

आजच्या स्टड भिंतीचा उगम १८३०च्या दशकात शिकागो परिसरात प्रचलित झालेल्या 'बलून' सांगाड्यात मानला जातो. वाफेवर चालणाऱ्या करवती गिरण्यांतून एकसारख्या मापाच्या बारीक दांड्या मिळू लागल्या आणि यंत्राने घडवलेले खिळे स्वस्त झाले. त्यामुळे जाड तुळया व कुशल सुतारांनी कोरलेले सांधे यांची गरज उरली नाही. बलून सांगाड्यात स्टड तळापासून छतापर्यंत अखंड असत. विसाव्या शतकात त्याची जागा 'प्लॅटफॉर्म' सांगाड्याने घेतली. त्यात प्रत्येक मजल्याची भिंत त्या मजल्याच्या फरशीवर आडवी जोडून नंतर उभी केली जाते. पॅटिओवरील भिंतही याच रीतीने बांधतात.

पावसाच्या शिरकावाचा शास्त्रीय अभ्यास विसाव्या शतकाच्या मध्यात नॉर्वे व कॅनडा येथे झाला. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील जी. के. गार्डन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात, दर्शनी आवरणामागे हवेची पोकळी ठेवून तिच्यातील दाब बाहेरच्या दाबाच्या जवळ आणण्याची कल्पना विशद केली. आजच्या निचरा-पोकळीच्या भिंतीमागे हाच विचार आहे.

पॅटिओच्या फरशीच्या मर्यादा

पॅटिओची फरशी चालण्या-बसण्यासाठी घातलेली असते, भिंत पेलण्यासाठी नव्हे. तिच्यावर भिंत उभारताना चार अडचणी येतात.

पहिली अडचण जाडीची. पॅटिओचे काँक्रीट बहुधा ४ इंच (सुमारे १०० मिमी) जाड असते आणि त्याच्या कडांखाली खोल पाया नसतो. हलकी आडोशाची भिंत त्यावर निभावते. छताचा व हिमाचा भार आल्यास मात्र ते तडकू शकते.

दुसरी अडचण गोठणाऱ्या जमिनीची. थंड प्रदेशांत जमिनीतील पाणी गोठून फुगते व उथळ फरशीला वर उचलते. घराचा पाया गोठणरेषेच्या खाली असल्याने तो स्थिर राहतो. नवी भिंत मात्र फरशीबरोबर वर-खाली होते, सांधे उघडतात आणि दारे अडकतात. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात पाया सुमारे दीड मीटर खोल नेणे बंधनकारक आहे. अशा ठिकाणी फरशीची कड कापून भिंतीखाली स्वतंत्र पाया घालणे हाच खात्रीचा मार्ग ठरतो.

तिसरी अडचण उताराची. पाणी घरापासून दूर वाहावे म्हणून फरशीला दर फुटाला पाव इंच, म्हणजे सुमारे २ टक्के, उतार दिलेला असतो. ३ मीटर लांबीत तो ६ सेंमी होतो. घरापासून बाहेर जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या भिंती या उतारावर बसतात. तो लक्षात न घेतल्यास चौकट गुण्यात राहत नाही.

चौथी व सर्वांत गंभीर अडचण उंचीची. घराची फरशी जमिनीपासून उंच असते, तर पॅटिओची फरशी जमिनीच्या जवळपास पातळीत असते. पावसाचे थेंब तिच्यावर आपटून भिंतीवर उडतात, हिम साचून राहते आणि तळपट्टीखालून पाणी झिरपते. भिंतीबाहेर फरशीचा पट्टा उरला असेल, तर तो पाणी थेट तळपट्टीपाशी आणून सोडणारा ओटा ठरतो.

अमेरिकेतील नमुना निवासी संहितेनुसार भिंतीचे बाहेरचे लाकडी घटक जमिनीपासून ६ इंचांपेक्षा (सुमारे १५० मिमी) किंवा उघड्या पॅटिओच्या फरशीपासून २ इंचांपेक्षा (सुमारे ५० मिमी) कमी उंचीवर असल्यास, ते मुळातच टिकाऊ जातीच्या किंवा प्रक्रिया केलेल्या लाकडाचे असावे लागतात.

भिंतीत पाणी शिरण्याची कारणे

पाणी भिंतीत शिरण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : पाणी, फट आणि पाण्याला आत ढकलणारे बल. पाऊस थांबवता येत नाही आणि प्रत्येक फट कायमची बुजवता येत नाही. म्हणून रचनेत बलांचा विचार करावा लागतो. ही बले पुढीलप्रमाणे आहेत.

गुरुत्वाकर्षण : आतल्या बाजूला उतरत्या पृष्ठभागावरून पाणी आत ओघळते. यावर बाहेरच्या बाजूला उतार हा उपाय आहे.

वेग : वाऱ्याने तिरपे मारलेले थेंब उघड्या फटीतून सरळ आत जातात. रुंद वळचण व एकावर एक येणाऱ्या पट्ट्या त्यांना अडवतात.

पृष्ठताण : आडव्या कडेच्या खालच्या अंगाला चिकटून पाणी आत सरकते. कडेखाली खाचा ठेवल्यास ते तेथेच पागोळीसारखे गळून पडते.

केशाकर्षण : बारीक फटीतून पाणी वरच्या दिशेनेही चढते. तळपट्टी व काँक्रीट यांच्यामधील फट याचे ठळक उदाहरण आहे. पाणी न शोषणारा थर किंवा काही मिलिमीटर रुंद मोकळी जागा हा प्रवास तोडते.

हवेचा दाब : वाऱ्यामुळे भिंतीबाहेर दाब वाढतो, आत कमी राहतो आणि पाणी फटीतून शोषले जाते. आवरणामागची हवेशीर पोकळी हा फरक कमी करते.

याखेरीज पाणी वाफेच्या रूपानेही शिरते. थंड प्रदेशात खोलीतील दमट हवा भिंतीत शिरून थंड फळ्यांवर निवते व तेथे दव साचते.

या कारणांना उत्तर म्हणून लाकडी बांधकामात चार उपायांची मांडणी रूढ झाली आहे : पाणी दूर वळवणे, आत आलेल्याचा निचरा करणे, उरलेले सुकू देणे आणि तरीही ओलावा राहील अशा जागी टिकाऊ साहित्य वापरणे. हे उपाय याच क्रमाने महत्त्वाचे मानले जातात.

बांधकाम

जोते व तळपट्टी

लाकूड फरशीच्या पाण्यापासून उचलण्यासाठी भिंतीच्या रेषेवर काँक्रीटचे किंवा काँक्रीट ठोकळ्यांचे बुटके जोते घालणे श्रेयस्कर मानले जाते. ते जुन्या फरशीला सळयांनी जखडतात. जोत्याचा माथा पाणसळीने समपातळीत घेतल्यास फरशीच्या उताराचा प्रश्नही सुटतो. घराकडील टोकाला १० सेंमी उंचीचे जोते ३ मीटरवर १६ सेंमी उंच होते आणि सर्व स्टड एकाच लांबीचे कापता येतात.

जोत्यावर फेसाळ प्लास्टिकची ओलरोधक पट्टी अंथरून तिच्यावर प्रक्रिया केलेल्या लाकडाची तळपट्टी ठेवतात. अमेरिकी नमुना संहितेनुसार किमान अर्धा इंच व्यासाचे, काँक्रीटमध्ये ७ इंच रुतलेले अँकर बोल्ट जास्तीत जास्त ६ फुटांवर असावे लागतात. पट्टीच्या प्रत्येक तुकड्याला किमान दोन बोल्ट आणि टोकापासून १२ इंचांच्या आत एक बोल्ट, असाही नियम आहे. ४ इंची फरशीत ही खोली मिळत नाही. स्वतंत्र पाया किंवा फरशीला नीट जखडलेले जोते यांची गरज या कारणानेही भासते.

जोते न घालता भिंत थेट फरशीवर उभी करायची असल्यास ती फरशीच्या बाहेरील कडेशी आणतात व दर्शनी आवरण कडेखाली सुमारे एक इंच उतरवतात. त्यामुळे आवरणावरून येणारे पाणी फरशीवर न पडता जमिनीवर पडते. भिंतीबाहेर फरशीचा पट्टा मोकळा सोडणे टाळले जाते.

सांगाडा

तळपट्टी व माथापट्टी शेजारी ठेवून दोन्हींवर एकाच वेळी स्टडच्या जागा आखतात. प्रत्येक दांडीला थोडा बाक असतो. सर्व बाक एकाच बाजूस येतील अशा रीतीने दांड्या लावल्यास भिंतीचा पृष्ठभाग सपाट येतो. सांगाडा आडवा जोडून झाल्यावर त्याचे दोन्ही कर्ण मोजतात. ते समान भरल्यास चौकट गुण्यात आहे असे समजतात. नंतर भिंत उभी करून ओळंब्यात आणतात व तिरप्या टेकूंनी तात्पुरती धरतात.

खिडकी-दारांवर भार पेलणारी तुळई असते. तिच्या दोन्ही टोकांना आखूड स्टडचा आधार व त्यालगत पूर्ण उंचीचे स्टड असतात. भारवाही भिंतीत माथापट्टी दुहेरी असते. दोन थरांतील सांधे एकमेकांपासून किमान २४ इंच दूर ठेवतात.

नवी भिंत जुन्या घराला जिथे मिळते तेथील जुने दर्शनी आवरण काढून, शेवटचा स्टड घराच्या सांगाड्याला जोडणे आवश्यक असते. आवरणावरच स्टड ठोकल्यास त्याच्यामागून वाहणारे पाणी थेट नव्या लाकडात उतरते.

आच्छादन व जलरोधक पडदा

सांगाड्यावर प्लायवूड किंवा लाकडी ढलप्यांच्या दाबफळ्या (ओएसबी) बसवतात. त्यांची प्रचलित जाडी ७/१६ इंच (सुमारे ११ मिमी) आहे. खिळे कडेला ६ इंचांवर व मधल्या भागात १२ इंचांवर मारतात. ओलाव्याने फळ्या फुगतात, म्हणून दोन फळ्यांमध्ये सुमारे ३ मिमी फट ठेवली जाते. याच फळ्यांमुळे चौकट वाऱ्याने तिरकी होत नाही.

फळ्यांवर डांबरी कागद किंवा कृत्रिम धाग्यांचा पडदा लावतात. तो पाणी अडवतो, पण वाफ जाऊ देतो. तो खालून वर लावत जातात. कौलांप्रमाणेच प्रत्येक वरचा थर खालच्या थरावर यावा लागतो. अमेरिकी नमुना संहितेत डांबरी कागदासाठी आडव्या सांध्यात किमान २ इंच व उभ्या सांध्यात किमान ६ इंच चढ सांगितला आहे. एखाद्या ठिकाणी क्रम उलटा झाल्यास वरून येणारे पाणी पडद्याच्या मागे जाते. चिकटपट्टी लावून ही चूक काही काळ झाकते, सुधारत नाही.

खिडक्या व सांधे

गळतीचा उगम सपाट भिंतीपेक्षा खिडक्यांचे कोपरे, भिंत व छत यांचे सांधे आणि नळ-तारांची भोके येथे अधिक आढळतो. या जागी पत्र्याच्या किंवा चिकट पडद्याच्या पट्ट्या बसवतात. त्यांना फ्लॅशिंग म्हणतात. खिडकीच्या उघाड्यात प्रथम खालच्या कडेला बाहेर उतार असलेली पन्हळी बसवतात. त्यानंतर खिडकी, मग दोन्ही बाजूंच्या पट्ट्या व शेवटी वरची पट्टी असा क्रम असतो. वरच्या पट्टीवर जलरोधक पडद्याची कड सोडली जाते. खिडकीची खालची कड मात्र बाहेरून बुजवत नाहीत. आत आलेल्या पाण्याची ती एकमेव वाट असते.

उतरत्या छताची कड जिथे भिंतीला लागून संपते, तिथे पाणी भिंतीपासून दूर फेकणारी वळवलेली पट्टी लावतात. ही छोटी पट्टी राहून गेल्यास संपूर्ण छताचे पाणी भिंतीच्या एकाच जागी उतरत राहते.

निचरा-पोकळी व दर्शनी आवरण

जलरोधक पडद्यावर प्रत्येक स्टडच्या रेषेत उभ्या पट्ट्या ठोकून त्यांवर दर्शनी आवरण बसवतात. त्यामुळे आवरण व पडदा यांच्यामध्ये मोकळी पोकळी राहते. कॅनडातील संहितेत अधिक पावसाच्या भागांसाठी ती किमान १० मिमी असावी लागते, तर न्यूझीलंडमध्ये नाममात्र २० मिमी पोकळी रूढ आहे. पोकळीचे तळाचे तोंड उघडे ठेवून त्यावर कीटक अडवणारी जाळी लावतात. आवरणासाठी लाकडी पट्ट्या, तंतुमय सिमेंटचे तक्ते, व्हिनाइल किंवा जाळीवरचे प्लास्टर वापरतात. लाकडी पट्ट्या सर्व बाजूंनी रंगवणे हिताचे असते.

आतील बाजू

पॅटिओची खोली केवळ उबदार महिन्यांत वापरायची असेल, तर भिंतीत भरण घालण्याची गरज नसते. वर्षभर तापवल्या जाणाऱ्या खोलीत स्टडमध्ये काचलोकरीसारखे भरण घालतात. थंड प्रदेशात भरणाच्या आतल्या, म्हणजे उबदार बाजूस बाष्परोधक थर असतो. कॅनडात त्यासाठी ०.१५ मिमी जाडीचे पॉलिथीन वापरण्याची प्रथा आहे. उष्ण-दमट प्रदेशातील वातानुकूलित खोलीत हाच थर घातक ठरतो. तेथे वाफ बाहेरून आत येते व थंड पॉलिथीनच्या मागे निवते. त्यामुळे एका हवामानातील रचना दुसऱ्या हवामानात जशीच्या तशी उचलता येत नाही.

आतील तक्ते लावण्यापूर्वी ओलावा मोजण्याच्या उपकरणाने लाकूड तपासतात. लाकडातील पाण्याचे प्रमाण १९ टक्क्यांपेक्षा अधिक असल्यास भिंत बंद करणे टाळतात.

लाकडाचे कुजणे व संरक्षण

लाकूड पाण्याने नव्हे, तर ओल्या लाकडावर वाढणाऱ्या बुरशीमुळे कुजते. पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली राहिल्यास कुजवणारी बुरशी वाढत नाही. सुमारे २८ ते ३० टक्क्यांच्या पुढे, पेशीभित्ती पाण्याने पूर्ण भरल्यावर, तिला पोषक स्थिती मिळते. अधूनमधून भिजून लवकर सुकणारे लाकूड टिकते. थोडेच भिजलेले, पण बंद जागेत अडकलेले लाकूड मात्र नासते.

लाकूड टिकवण्यासाठी दाबाखाली रसायने भरण्याच्या पद्धतीत एका भारतीय शास्त्रज्ञाचे मोलाचे योगदान आहे. डेहराडून येथील वन संशोधन संस्थेतील सोंटी कामेशम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या संयुगांचे संरक्षक मिश्रण शोधले. 'आस्कू' या नावाने ओळखले जाणारे हे मिश्रण पुढे जगभर वापरले गेले. आर्सेनिकच्या विषारीपणामुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती लाकडासाठी त्याचा वापर उत्पादकांनी थांबवला. त्याची जागा तांब्यावर आधारित इतर मिश्रणांनी घेतली. ही मिश्रणे साध्या पोलादाला अधिक गंजवतात. म्हणून तळपट्टीसाठी जस्ताच्या रसात बुडवलेले किंवा स्टेनलेस पोलादाचे खिळे व बोल्ट वापरणे आवश्यक असते.

मोठ्या प्रमाणावरील अपयश

निचऱ्याकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याची दोन मोठी उदाहरणे विसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आली.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, विशेषतः व्हँकूव्हर परिसरात, १९८०च्या दशकापासून बांधलेल्या अनेक लाकडी सांगाड्याच्या सदनिका गळू लागल्या. त्यांना वळचण नव्हती, प्लास्टरचे आवरण पोकळीविना थेट लावलेले होते आणि आत शिरलेल्या पाण्याला सुकण्यास वाव नव्हता. आयुष्यभराची बचत घरात गुंतवलेल्या कुटुंबांवर दुरुस्तीचा प्रचंड बोजा पडला. प्रांताचे माजी पंतप्रधान डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९९८ मध्ये या प्रकरणाची चौकशी केली. त्याच वर्षी घरमालकांच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला.

न्यूझीलंडमध्ये १९९०च्या दशकात भूमध्य सागरी शैलीची, वळचण नसलेली, प्लास्टरची घरे लोकप्रिय झाली. याच काळात प्रक्रिया न केलेले पाइन लाकूड सांगाड्यासाठी वापरण्यास मुभा मिळाली. पाणी शिरण्याची शक्यता आणि कुजण्याची शक्यता अशा दोन्ही एकाच वेळी वाढल्या. २००२ मध्ये डॉन हन यांच्या अध्यक्षतेखालील गटाने अहवाल दिला आणि २००४ मध्ये नवा इमारत कायदा आला. २००९ मधील एका अंदाजानुसार सुमारे ४२,००० घरे बाधित होती व दुरुस्तीचा एकूण खर्च ११.३ अब्ज न्यूझीलंड डॉलर होता.

दोन्ही ठिकाणी भिंती बाहेरून नव्या व गुळगुळीत दिसत होत्या. दोष उघड होईपर्यंत आतला सांगाडा पोखरला गेला होता.

देखभाल

दर्शनी आवरणाच्या तळाशी माती, पालापाचोळा किंवा कुंड्या साचू न देणे ही देखभालीतील पहिली गोष्ट होय. पोकळीची तळाची तोंडे व पन्हळी मोकळ्या ठेवतात. सांधे बुजवणारे लुकण उन्हाने तडकते, त्यामुळे ते वेळोवेळी तपासावे लागते. आतील रंगाचे पोपडे, खिडकीखालचे डाग, कुबट वास, फुगलेली फळी व भिंतीच्या तळाशी दाबल्यास रुतणारे लाकूड ही आतील ओलीची लक्षणे आहेत. डागावर रंग देण्यापूर्वी पाण्याचा उगम शोधणे आवश्यक असते. तो बहुधा डागाच्या वरच्या बाजूस, कधी कधी बराच दूर असतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात लाकडी स्टड भिंतीची प्रथा नाही, परंतु तिच्यामागील विचार पारंपरिक बांधणीत आढळतो. वाड्यांचे सागवानी खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभे केलेले असतात. कोकणातील घर जांभ्या दगडाच्या उंच जोत्यावर असते. उतरत्या कौलारू छपराची वळचण भिंतीच्या बरीच पुढे येते, आणि पडवीची उघडी बाजू पावसाळ्यापुरती नारळाच्या झापांनी झाकण्याची रीत आहे. कारवीच्या काठ्यांचा, शेणामातीने लिंपलेला कूड ही सांगाड्याचीच भिंत होय. तिचे लिंपण पावसात झिजते आणि पुन्हा केले जाते. पाणी अडवण्यापेक्षा दूर ठेवणे आणि नासलेला भाग सहज बदलता येणे, हे या सर्वांमागील समान सूत्र आहे.

सध्या शहरांत गच्ची किंवा अंगण बंदिस्त करताना जस्तलेपित पोलादी पट्ट्यांचा सांगाडा व तंतुमय सिमेंटचे तक्ते वापरले जातात. पोलादाला वाळवी व बुरशी लागत नाही. मात्र किनारी भागातील खाऱ्या हवेत ते गंजते, म्हणून तळाचा निचरा येथेही तितकाच आवश्यक ठरतो. लाकूड वापरायचे झाल्यास त्याच्या संरक्षणासाठी भारतीय मानक ४०१ आणि इमारतीच्या वाळवी-प्रतिबंधासाठी भारतीय मानक ६३१३ उपलब्ध आहेत. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे पश्चिम व दक्षिण बाजूंच्या भिंतींना पावसाचा मारा अधिक बसतो. त्या बाजूंना खिडक्यांवर छज्जा व भिंतीखाली उंच जोते यांना पर्याय नाही. उघडी जागा बंदिस्त केल्याने चटईक्षेत्र बदलू शकते. त्यामुळे असे बांधकाम करण्यापूर्वी स्थानिक नियोजन प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते.

हे सुद्धा पाहा

जोते
कूड
पडवी
वाडा (वास्तुप्रकार)
प्लायवूड
वाळवी